वरच्या कातडीचा धागा

कानाच्या डॉक्टरांकडून मी नुकताच मळ काढून बाहेर आलो होतो, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या बापलेकीचं बोलणं नको तितकं स्वच्छ ऐकू आलं. मुलीचे पुढे आलेले कान उद्या मागे बसवायचे होते.

“बाबा, आतला धागा कायमचाच राहणार आहे. आपल्याला फक्त वरच्या कातडीचा ठरवायचाय. विरघळणारा, की काढावा लागणारा?”

“काढावा लागणारा.”

“डॉक्टर म्हणतात, कान दोन्हींनी सारखेच बसतात.”

“विरघळणाऱ्या वस्तूचा काय भरवसा? चहातली साखरसुद्धा तळाशी राहते.”

“तो घातला तर मला रविवारी नोकरीच्या गावी निघता येईल.”

“आणि दुसरा घातला तर?”

“तर टाके काढेपर्यंत आठवडाभर घरीच.”

“असं होय! मला कल्पनाच नव्हती.”

“मघाशी डॉक्टरांना हेच दोनदा विचारलंत!”

“कान माझ्यावर गेलेत तुझे. चौकशी नको करायला?”

“काढताना दुखतं म्हणे थोडं.”

“दुखतं?”

“थोडंसं.”

“मग राहू दे. विरघळणाराच घाल. रविवारी मी सोडायला येतो तुला.”

“बाबा, साखरेचं काय?”

“ढवळली की विरघळते गं.”

तेवढ्यात नर्स दारात आली.

“धाग्याचं ठरलं का?”

“हो सिस्टर. काढावा लागणारा.”

“अगं, दुखेल ना!”

“तुम्ही हात धरा माझा.”

“तो धरीनच. सिस्टर, टाके दोन आठवड्यांनी काढले तर चालतात का हो?”