राक्षस शिराळ्यात धरला

आमच्या अक्काचं डोकं कसं चालतं, ते ऐकाच. लहानपणी आमच्याकडं राक्षसाच्या गोष्टीचं एक पुस्तक होतं. शेवटची पानं उंदरानं खाल्लेली, म्हणून शेवट अक्का सांगायची. राक्षस साप होऊन पळतो, थेट नाग धरणाऱ्यांच्या शिराळ्यात घुसतो, आणि तिथली पोरं त्याला नागपंचमीला धरून गाडग्यात घालतात!

पुढं ते पुस्तक छापायचंच बंद झालं. माझ्या पोरीसाठी मी लय शोधलं. परवा सांगलीत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एकदाचं अख्खं मिळालं. उभ्याउभ्याच शेवट वाचला आणि तिथूनच अक्काला फोन लावला.

“अक्का, ह्यात शिराळा न्हाईच की गं!”

“न्हाई? मग राक्षस धरला कुणी?”

“राजपुत्रानं मारला. तलवारीनं.”

“आन् साप?”

“तो साप होतच न्हाई.”

अक्का म्हणाली, “म्हणूनच बंद पडलं बघ ते पुस्तक. तू असं कर, शेवटची पानं फाड, आन् पोरीला माझ्याकडं पाठव.”