झाकणावरची अक्षरे

मी रुद्रेश चन्नप्पा हालगे, वय ३१ वर्षे, व्यवसाय शेती अवजारे बनवणे, रा. वालूर, ता. सेलू, जि. परभणी. विचारल्यावरून समक्ष हजर राहून जबाब देतो की,

मी पत्नी शिवरंजनीसह वरील ठिकाणी राहतो. गावालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही कापसाची वाळलेली पऱ्हाटी कापण्याचे यंत्र बनवतो. शेजारच्या कडूबाई, वय ५४, पहिल्या दिवसापासून आमच्याकडे कामाला आहेत. नवउद्योगांच्या सरकारी मदतीसाठी मी अर्ज केला होता. यंत्राचे सर्व भाग देशी असावेत अशी अट आहे. माझ्या यंत्राची पाती व त्यांवरचे लोखंडी झाकण परदेशी आहे. ते मी अर्जात लिहिले नाही.

काल दि. १२ फेब्रुवारी रोजी सकाळी अकराला तपासणीचे साहेब येणार होते. झाकणावर परदेशी अक्षरे खोल कोरलेली आहेत, ती रंगाने बुजली नाहीत. पत्नी म्हणाली, "पूजा करायचीच हाय, तर विभूतीचे जाड पट्टे वढा की. कुणाला दिसायलंय?" आम्ही लिंगायत आहोत. मी म्हणालो, "विभूती खोटं झाकायला नसती." आणि झाकणच काढून सरकीच्या पोत्यांमागे ठेवले. त्या वेळी मला मी फार सचोटीने वागलो असे वाटले.

कडूबाईंनी विचारले, "झाकण कुठंय रे रुद्रेश?"

"सायेब जाईस्तोवर ऱ्हाऊ द्या, मावशी. हात जपून."

फोटोसाठी नवी साडी नेसून या, असेही मीच त्यांना सांगितले होते. अकरा वीसला साहेबांसमोर त्यांनी पऱ्हाटी आत सारली. पदर पात्यांत ओढला गेला. तो सोडवायला त्यांनी उजवा हात घातला. मी बटण बंद केले. बटण बंद केल्यावर पाती थांबायला सात सेकंद लागतात. हे मीच मोजून यंत्राच्या माहितीपत्रकात छापले आहे. हात मनगटापासून गेला.

साहेबांच्याच गाडीतून त्यांना परभणीला दवाखान्यात नेले. वाटेत त्या सारख्या विचारत होत्या, "सायबानं पास केलं का रे?"

आज आपण मला कडूबाईंचा जबाब वाचून दाखवला. झाकण त्यांनी स्वतःच कुणाला न विचारता काढले, असे त्यांनी सांगितले आहे. ते खोटे आहे. आमची मदत थांबू नये म्हणून त्या तसे बोलल्या. झाकणाचे सहा बोल्ट पान्याशिवाय निघत नाहीत. पाना कालपासून माझ्या खिशात आहे, तो हजर करत आहे. त्यांच्या जबाबाखाली डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. कडूबाईंना सही येते. शिवरंजनीने शिकवली होती.

माझा जबाब मला वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी 'अपघात' असा शब्द आला होता. तो मी उच्चारला नव्हता, म्हणून खोडायला लावला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.