मधली चार पानं

डोळ्यांच्या दवाखान्यात लेखिकेच्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बोलत होते.

"ताई, त्या चंद्रावरच्या सुईणीच्या कथेत बाळंतपणच कसं नव्हतं गं?"

"होतं की. मधली चार पानं मी गाळली."

"गाळली?"

"तुला दिसेना, म्हणून परीक्षणासाठी रोज पाच-पाच विज्ञानकथा मीच वाचायच्या. घसा बसला होता माझा."

"अगं, मी छापून बसलो की कथेला काळीजच नाही."

"मग चूक कबूल कर."

"आणि डोळे गेलेत हेही सांगू? कोण देईल मला परीक्षणं?"

"मग गप्प बस. लिहील ती लेखिका दुसरी कथा."

कथा पुढच्या बाकावरच्या लेखिकेचीच होती. त्या परीक्षणानंतर तिने पेन हाती धरलं नव्हतं. ती उठली आणि त्यांच्यासमोरून निघाली.

"कोण गेलं गं?"

"कुणी बाई. डोळ्यांत औषध घातलंय वाटतं, पाणी थांबत नाही बिचारीचं."