सत्कार दुसऱ्यांदा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय भगवानराव, पुसदहून आलेले पाहुणे डॉक्टरसाहेब, व्यसनमुक्ती समितीचे सन्माननीय पदाधिकारी, आणि इतकी भाषणं होऊनही न उठलेल्या माझ्या आर्णीकर बंधू-भगिनींनो,

मी गोपाल मंडपवाला. दारू सोडून मला चौदा महिने झाले, म्हणून हा सोहळा. माइकही माझाच आहे, तेव्हा मध्येच बंद करायची तसदी कोणी घेऊ नये.

अध्यक्षांनी व्यसनावर अर्धा तास मार्गदर्शन केलं, तेही गालात तंबाखूचा खर्रा धरून. काय तो संयम! एकदाही थुंकले नाहीत.

आठवते का, भगवानराव? नव्वद दिवस झाले तेव्हाही याच समितीनं माझा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, फोटो. अन् फोटो झाल्याबरोबर तुम्हीच मले शेतावर नेलं. "अबे, सुटली ना तुही? मंग एकानं काय होते?" एकानं सात महिने गेले, साहेब. हात इतके थरथरत की मंडपाचा खांब धरवत नव्हता. माझी बायको कोकिळा मुकुटबनला माहेरी निघून गेली. समितीतलं कोणी विचारायला आलं? छे! मी तरी कुठला शहाणा? तिच्या भावाच्या लग्नात तुमचीच ती सत्काराची शाल पांघरून पिऊन पडलो.

ती परत आली ती एका अटीवर. संध्याकाळी मी दारात थांबायचं, ती म्हणणार, "हा करा." मी तोंड उघडून श्वास सोडायचा, मग आत जायचं. सहा महिने हे रोज चाललं. मग फक्त बाजाराच्या दिवशी. आता लग्नसराईत तेवढं. तुम्ही सुटली म्हणता. तिनं अजून म्हटलेलं नाही. खरं सांगू? मीही म्हणत नाही.

आणि आज मागच्या खोलीत कोणासाठी ग्लास मांडले आहेत? टेबल माझेच आहेत, मले माहीत नसन काय?

तेव्हा ही शाल राहू द्या. ज्या दिवशी कोकिळा दारात काही न विचारता "हात धुऊन घ्या, वाढते" म्हणेल, त्या दिवशी सत्कार करा. मंडप मीच टाकीन.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना तोल गेला असेल तर पोटात घाला. यावेळी निदान शुद्धीत गेला. मागच्या खोलीत माझी वाट पाहू नये. लग्नसराई चालू आहे, आणि कोकिळा दारात उभी असेल.