अंगापासून लांब

असोद्याहून जळगावला निघालेल्या एसटीत बेबाबाई खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे कान पुढच्या सीटवर होते. तिथे दोन पोरी बसल्या होत्या. मयुरी वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेला चालली होती आणि मैत्रीण भूमिका तिला समजावत होती.

“मयुरी, वजनाचा बार अंगाला लागूनच सरळ वर आला पाहिजे.”

“माहितीये गं. पण माझा पुढेच जातो. घरी केळीचे घड उचलून उचलून तीच सवय लागली. कपड्यांना चिकाचे डाग पडू नयेत म्हणून घड अंगापासून लांब धरायचा.”

“पुढे गेलेला बार झोका घेऊन डोक्यामागे जातो.”

“काल तसाच गेला.”

“मग बार सोडून पुढे पळायचं ना!”

“सोडलाच नाही मी. खांद्यात कट्कन वाजलं.”

बेबाबाईने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

“वेडी आहेस का? हात मोडून घेशील! आज मागे गेला तर सोडशील ना?”

“भीती वाटते.”

“बारची?”

“नाही गं, सोडायची. घरी माझ्या हातून घड पडला, की आबा आईला मारतात.”