खाणार कोण?

समरजित : साफ नापास, आत्या! हेड ऑफिसात बारा जणांनी तुझ्या भाजणीचं थालीपीठ खाल्लं आणि बाराही जणांचा शेरा एकच. काहीतरी कमी आहे.

राजेश्वरी : आधी बस. घाम पूस. भर बाजाराच्या वेळी लहरीपुऱ्यात कोणी स्कूटर घालतं?

समरजित : तू मला खरं प्रमाण दिलं नाहीस.

राजेश्वरी : अरे वा! रविवारी कंपनीचा काटा घेऊन माझ्या शेगडीपाशी कोण बसलं होतं? बाजरी किती, चण्याची डाळ किती, दाणा न् दाणा मोजलास. मी काय पदराखाली लपवलं?

समरजित : मग कमी काय पडलं? संध्याकाळपर्यंत नवं प्रमाण गेलं नाही तर भाजणी रद्द. आणि भाजणी रद्द तर माझी हैदराबादची बढतीही रद्द. तिथे सगळ्यांना सांगून बसलोय, माझ्या आत्यासारखी भाजणी देशात कुठे मिळणार नाही म्हणून.

राजेश्वरी : पण तुमच्या त्या ‘घरभर’ला भाजणी हवीच कशाला? नुसता किराणा होता तोवर बरं होतं. परवा फतेगंजच्या दुकानात साबण घ्यायला गेले, तर चष्म्याचा नंबर काढून आले!

समरजित : चष्मे आमचे, औषधं आमची, देशभर साडेतीनशे दुकानं, आणि आता पिठाची गिरणीही. गिरणी उभी केली की तिला दळायला काहीतरी लागणारच ना?

राजेश्वरी : जातं आणलंत, आता दाणे शोधताय! थांब, गिऱ्हाईक आलंय. आवो, रंजनबेन. पांचसो ग्राम? पण कोण खावानुं छे? वहुने सातमो महिनो? तो जीरुं वधारेवाळी लई जाव.

(रंजनबेन पुडा घेऊन जातात.)

समरजित : सुनेला सातवा महिना, म्हणून जिरं जास्त! असं प्रत्येकाला विचारतेस?

राजेश्वरी : विचारल्याशिवाय तागडीला हात लावत नाही. रविवारी तुलाही विचारलं होतं, खाणार कोण? तू काय म्हणालास?

समरजित : म्हणालो… माझ्यासाठीच समज, आत्या.

राजेश्वरी : मग मी तुझी भाजली.

समरजित : माझी म्हणजे?

राजेश्वरी : बिनधण्यांची. चार वर्षांचा होतास. आमटीत धणे चालायचे, पण भाजणीतला कण दाताखाली आला की भडाभडा ओकायचास. तेव्हापासून तुझी वेगळी भाजते.

समरजित : तीस वर्षं? आणि बोलली नाहीस?

राजेश्वरी : त्यात सांगायचं काय? तू खात होतास ना पोटभर!

समरजित : म्हणजे म्हणून बाहेरचं थालीपीठ माझ्या घशाखाली उतरत नाही! मी आपला समजत होतो, आत्याच्या हाताची चव.

राजेश्वरी : हाताची डोंबलाची चव! धणे नाहीत, एवढंच.

समरजित : हसू नकोस गं, मला भरून आलंय. पण आता कंपनीला काय देऊ? खाणार कोण म्हणशील, तर साडेतीनशे दुकानांतलं कोणीही.

राजेश्वरी : फळीवरचे डबे वाच.

समरजित : अहल्यावहिनी, हिंग कमी. नारायणकाका, उडीद नको. दत्तात्रेयमास्तर, नुसती ज्वारी-बाजरी. हा माझा. आणि हा शेवटचा? याच्यावर नावच नाही.

राजेश्वरी : तोच काढ. कोणी परगावचं येतं, गाडी गाठायची घाई असते, खाणार कोण ते त्यालाच ठाऊक नसतं. त्याला त्यातली देते. धणे, जिरं सगळं रीतसर. त्याचं प्रमाण लिहून घे.

समरजित : देतेस? अगं, उद्या लहरीपुऱ्यातही ‘घरभर’ उघडेल. तुझं गिऱ्हाईक तुटलं तर?

राजेश्वरी : ज्याचं नाव डब्यावर आहे तो कुठे जातोय? तूच तेवढा चाललास. मला करमायचं नाही रे, खरं सांगते.

समरजित : मलाही. पण तिकडेही ‘घरभर’ आहेच की. आठवण आली की तुझ्या भाजणीचा पुडा आणीन, बस!

राजेश्वरी : वेडा रे वेडा. ती तू आणू नकोस. तिच्यात धणे आहेत.