तोतया डॉस

सुन्यावर मी आजही विश्वास ठेवत नाही, का ते ऐका. देवासला कॉलेजात आम्ही दोघांनी सी भाषेत प्रोग्रॅम लिहून तोतया डॉस, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या सिस्टीमची नक्कल, बनवला होता. कमांड टाईप करा, अगदी खऱ्यासारखं उत्तर यायचं.

परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले, "नकली है ना? तो फॉरमॅट करके देखते हैं." आणि टाईप करायला लागले.

सुन्या कानाशी पुटपुटला, "भिया, ती कमांड आपण बनवलीच नाही. न बनवलेल्या सगळ्या मी गुपचूप खऱ्या डॉसकडे पाठवतो."

त्याच मशीनवर अख्ख्या वर्गाचे प्रोजेक्ट होते, फॉरमॅट झालं की सगळे पुसले जाणार! सरांचं बोट एंटरकडे गेलं आणि मी पायानं प्लग उपटला. स्क्रीन काळी.

"सर, लाइट गई!"

सरांनी सावकाश वर पाहिलं. "पंखा तो चल रहा है."